‘वॉबल’ आणि डुगडुगणें

“‘वॉबल’ला मराठींत शब्द नाहीं,” असा निकाल अंबाजोगाईच्या एका सुविद्य स्नेह्यांनीं परवां बैठकींत दिला. निमित्त त्यांच्याच छताच्या पंख्याचें. दुरुस्तीस आलेला कारागीर वर पाहून म्हणाला, “साहेब, पंखा डुगडुगतोय.” गृहस्थांनीं त्याला सुधारलें : “म्हणजे वॉबल होतोय!” शब्द कानावर पडल्यावरही तो नाहीं म्हणावयाचें, हें धाडस सुशिक्षितांसच साधतें.

ज्या शब्दापुढें एवढें नमावयाचें, त्याचें कुळ तरी पहावें. ‘वॉबल’ सतराव्या शतकांत इंग्रजींत दिसूं लागतो. उत्तर जर्मनीच्या बोलींतील ‘वाबेल्न’ या क्रियापदापासून तो आला असावा, असें व्युत्पत्तिकार मानतात. लॅटिनचा टिळा त्याच्या कपाळीं नाहीं. डॉ. जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत त्याची गणना हलक्या, रानटी शब्दांत केली. पुढें १८९१ सालीं सेथ चँडलर या अमेरिकन ज्योतिर्विदानें पृथ्वीच्या अक्षाची सुमारें १४ महिन्यांची सूक्ष्म हालचाल दाखवून दिली; तिला शास्त्रज्ञ आज ‘चँडलर वॉबल’ म्हणतात. १९९५ सालीं ५१ पेगासी या ताऱ्याभोंवतींचा ग्रह हातीं लागला, तोही ताऱ्याच्या ‘वॉबल’वरूनच. रस्त्यावरचा शब्द वेधशाळेंत नेतांना इंग्रजांस संकोच झाला नाहीं.

बैठकींतील दुसरे एक विद्वान् म्हणाले, ‘दोलन’ घ्या. पण दोलन म्हणजे झोपाळ्याचें ठरल्या लयीचें जाणें-येणें. घड्याळाच्या लंबकास तें शोभेल. आसावर सैल बसलेलें चाक दोलत नाहीं, तें डुगडुगतें. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. त्यांना हा भेद शिकवावा लागत नाहीं. भरलेली गाडी हेलकावते, घागरींतलें पाणी हिंदकळतें, चालूं लागलेलें मूल लटपटतें, प्यालेला मनुष्य झोकांड्या खातो. (मंत्रिमंडळ तेवढें डळमळतें.) डुगडुगणारी वस्तु आपली जागा सोडीत नाहीं, झोकांडींत तोलच जातो. इंग्रजींतही ‘स्टॅगर’ आणि ‘लर्च’ वेगळे आहेत, हें कबूल. मात्र तेथें कोणी त्या सर्वांना एकाच लॅटिन शब्दांत कोंबीत नाहीं.

अंबाजोगाईस हा वाद नवा नाहीं. येथेंच समाधिस्थ असलेल्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) ‘गीतार्णवां’त संस्कृताभिमान्यांस घटाचें उदाहरण देऊन निरुत्तर केलें : संस्कृतांत ‘घट’ म्हणून थांबावें लागतें, तेथें मराठींत डेरा, रांजण, सुगड अशीं भांड्याभांड्याचीं निराळीं नांवें आहेत. चारशें वर्षांनंतर त्याच गांवीं आम्ही पंख्याकरितां इंग्रजी शब्द उसना आणतों!

परिभाषा रचणाऱ्यांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, अक्षाच्या त्या हालचालीस ‘डुगडुग’ म्हणण्यास नेमकी हरकत कोणती? ‘शब्द ग्राम्य आहे’ हें उत्तर चालणार नाहीं; तें जॉन्सननें १७५५ तच देऊन पाहिलें आहे.