प्रार्थना अर्धी सोडून उठावे लागते

शेजारच्या टेबलावरचा माणूस आपली झोप उडवू शकतो, हे नोकरी करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. फाइल अडवणारा, चारचौघांत पाणउतारा करणारा, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय साहेबांपुढे लाटणारा असा एखादा सहकारी बहुतेक कचेऱ्यांत भेटतोच. श्रद्धाळू माणूस मग संध्याकाळी देवापुढे बसून म्हणतो, 'देवा, त्याला सुबुद्धी दे.' ख्रिस्ती घरांतही हीच प्रार्थना होते. ख्रिस्ताचे सांगणे मात्र वेगळे आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की, वेदीपाशी आल्यावर एखाद्या भावाचे मन आपल्याविषयी कलुषित आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. म्हणजे प्रार्थना अर्धी सोडून उठायचे! इथे प्रश्न त्याच्या दोषाचा नाही. त्याला आपल्याविषयी काय खुपते, याचा आहे.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे वर्ध्याला कळावे. जे. सी. कुमारप्पा हे मगनवाडीतले कडवे ख्रिस्ती कार्यकर्ते. हिशेब तपासणे हा त्यांचा मूळ पेशा, आणि स्वभाव तापट. १९३४च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. नियमाबाहेरचा खर्च त्यांनी खुद्द गांधीजींच्या मंडळींनाही नाकारला. अनेकांना असा सहकारी 'त्रासदायक' वाटला असता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या चिटणीसपदाची जबाबदारी याच माणसावर आली. कुमारप्पांनी पुढे तुरुंगात येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. ते १९४५मध्ये प्रसिद्ध झाले. दुखावणारा प्रत्येक सहकारी दुष्ट नसतो. कधी कधी तो फक्त खरा असतो. हे ओळखण्याइतके मन शांत करणे, हे प्रार्थनेचे पहिले काम.

पण प्रत्येक छळवादी माणूस कुमारप्पा नसतो, हेही तितकेच खरे. 'दुसरा गाल पुढे कर' या शिकवणीचा आधार घेऊन आपण सोशिक माणसांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या लेकीसुनांना, गप्प बसायला शिकवतो. ते ख्रिस्ताच्या नावावर खपवू नये. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी एकांतात त्याला त्याची चूक सांगा, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्या, तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांडा. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर आधी समोरासमोर बोलणे, मग साक्षीदार, मग लेखी तक्रार. स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत तर २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिच्याकडे जाणे म्हणजे क्षमाशीलता सोडणे नव्हे. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणे. अन्यायाला वाट मोकळी करून देणे नव्हे.

आपण मात्र पहिलीच पायरी टाळतो. कँटीनमध्ये दहाजणांना सांगतो, घरी बायकोला किंवा नवऱ्याला सांगतो, रात्री देवाला सांगतो. ज्याला सांगायचे, तो तेवढा राहून जातो. तेव्हा उद्या सोमवारी कामावर जाण्यापूर्वी त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना जरूर करावी. त्याला बदल असे मागण्याऐवजी, त्याच्याशी राग न धरता आणि न घाबरता बोलता येऊ दे, एवढेच मागावे. आणि जेवणाच्या सुट्टीत उठून त्याच्या टेबलापाशी जावे.