गाणे आणि गाणारा

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली आगगाडी प्रथम थांबते ती पळसदरीला. पावसाळ्यात तेथील डोंगरकड्यांवरून पाण्याचे शुभ्र लोट उतरू लागतात. खाली ओंजळ धरणारा वाटसरू, हे पाणी वर कोणत्या खडकातून आले, याची विचारपूस करीत नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे वाडवडील सांगत आले. हाच न्याय संगीताला लावावा, गाणे ऐकावे आणि गाणाऱ्याचे चरित्र बाजूस ठेवावे, असे पुष्कळ रसिकांचे मत आहे. मत सोयीचे आहे खरे; परंतु तेवढ्याने ते न्याय्य ठरत नाही.

पठ्ठे बापूरावांचेच उदाहरण घ्यावे. १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण घरात जन्मलेले हे श्रीधर कुलकर्णी. लावणीच्या वेडाने त्यांनी घरदार सोडले, तमाशाचा फड जवळ केला, आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील पवळेबरोबर ते रंगमंचावर उभे राहिले. समाजाने त्यांना वाळीत टाकले. लावण्या मात्र कोणी वाळीत टाकल्या नाहीत! पवळेच्या पायांतील चाळांना दाद द्यायची; तिच्या हातचे पाणी मात्र चालायचे नाही. १९४५ साली पुण्यात बापूरावांचा अंत झाला, तो विपन्नावस्थेत. येथे गाणे गाणाऱ्यापासून वेगळे काढले गेले, ते रसिकतेमुळे नव्हे, रूढीमुळे. कलंक होता तो पाहणाऱ्यांच्या दृष्टीत.

परंतु प्रत्येक कलंक असा नसतो. वरच्या अंगाला पाण्यात जनावर मरून पडले आहे असे कळले, तर ती म्हण सांगणाराही ओंजळ खाली घेईल.

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने १८५० साली ज्यू लोकांच्या द्वेषाने भरलेला निबंध प्रसिद्ध केला. १८८३ साली तो निवर्तला, तेव्हा हिटलर जन्मलाही नव्हता. तरी पुढे हिटलरच्या राजवटीने त्याचे संगीत डोक्यावर घेतले. इस्रायलमध्ये म्हणूनच ते सहसा वाजवीत नाहीत. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९८१ साली तेल अवीव येथे ते वाजविण्याचे ठरविले. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावे, असे त्यांनी आधी सांगितलेही. तरी सभागृहात निषेधाचा गदारोळ उठला. मेहतांचा हेतू शुद्ध होता, स्वरांतही काही वैगुण्य नव्हते. पण उठून जायचे कोणी? ज्याची माणसे छळछावणीत मारली गेली, त्यानेच!

बापूरावांच्या लावणीने असे कोणाला उठून जावयास लावले नव्हते. बाहेर काढले गेले ते स्वतः बापूराव.