प्रबंध कपाटात, अफवा मोबाईलमध्ये

गेल्या वर्षी कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत आला. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा मराठीशी कधी संबंधच नव्हता, असे त्यात ठासून लिहिले होते. मी उत्तर लिहायला बसलो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’, रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक, १९९० साली सोलापुरात भरलेले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, सगळे आठवले. पण पुढे पाठवायला लिंक हवी होती. याच विषयावर पीएच.डी. केलेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “प्रबंध कपाटात आहे. विद्यापीठाने नेटवरही टाकला असेल.”

टाकला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर जाऊ लागले. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळते. पण शेख महंमदांचे नाव टाकून शोधले, तर काहीच सापडेना. प्रबंध युनिकोडमध्ये नव्हे, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाला ती भलतीच अक्षरे वाटतात. सहा वर्षांची मेहनत नेटवर असूनही नव्हती.

आपण संशोधक याबाबत फार उदासीन आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवी मिळाली, सत्कार झाला, पेढे वाटले की विषय संपला. अफवा लिहिणारा मात्र तसा गाफील नसतो. तो सोप्या भाषेत, चार ओळींत लिहितो आणि शंभर जणांना पाठवतो.

करायचे काय? पहिले, मजकूर युनिकोडमध्ये आणा. दुसरे, ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक घ्या, तो फुकट मिळतो. आपल्याला त्याची जास्त गरज आहे. ‘शेख’ हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि एकाच माणसाचे लेख तीन-चार माणसांच्या नावावर विखुरतात. तिसरे, प्रबंध ‘झेनोडो’सारख्या मुक्त संग्रहात ठेवा. तिथे कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. छापून आलेल्या लेखांबाबत प्रकाशकाची परवानगी आधी पाहावी. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन पानांचा सारांश घरातल्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहा.

“कोणी चोरले तर?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. चोरी कपाटातल्या प्रबंधाचीही होते, फक्त ती कळत नाही. नेटवर तारखेसह नोंद असली, तर आधी कोणी लिहिले ते दाखवता येते. आणि ही जाहिरातबाजी आहे असे वाटणाऱ्यांना एवढेच सांगेन की, आपल्या शिष्यवृत्तीचे पैसे लोकांच्या करातून आलेले असतात. त्यांना हिशेब द्यायला नको?

मित्राने अखेर एका भाचीला हाताशी धरून तीन प्रकरणे युनिकोडमध्ये आणली, सारांश लिहिला. मी तो ग्रुपवर टाकला. फार चर्चा झाली नाही. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने विषय बदलला. रात्री उशिरा मूळ मजकूर पाठवणाऱ्याचाच निरोप आला: “पूर्ण प्रबंध कुठे वाचायला मिळेल?”

या वेळी माझ्याकडे लिंक होती.