टीडीएस किती येतोय?

परवा लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे काका भेटले. "काय म्हणता, बरंय ना?" वगैरे काही नाही. थेट प्रश्न : "तुमच्याकडे टीडीएस किती येतोय?" पूर्वी लोक पगार विचारायचे, मग फ्लॅटचा रेट विचारायला लागले, आता टीडीएस! मी म्हटलं, "सातशे ऐंशी." ते म्हणाले, "आमच्याकडे आठशे दहा," आणि असा चेहरा केला की जणू बी विंगला मुद्दाम वाईट पाणी सोडतात.

तर मंडळी, आजचा विषय पाणी.

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरून आत. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये धबधबा होता, प्रत्यक्षात टँकर आला. टँकर भरतो कुठल्यातरी विहिरीवर नाहीतर बोअरवर. आणि इथली जमीन म्हणजे काळा कातळ. या बेसाल्टमधून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन पाणी' म्हणायचे. आमच्या आजीचा शब्द सोपा होता, 'जड पाणी'. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि गिझरची कॉइल दोन वर्षांत राम म्हणते. हा त्रास खरा आहे. मी तो रोज भोगतो.

पण माझं म्हणणं असं आहे की या क्षारांनी आपल्याला पुरतं गंडवलंय. गिझरला काय बाधतं ते आपण रोज मोजतो. माणसाला काय बाधतं ते मोजतच नाही.

आता ते मीटर बघा. पेनासारखं दिसतं, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत येतं. ते करतं काय? पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतं, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतं आणि उत्तर दाखवतं. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. साधं मीठ टाका की कॅल्शियम टाका, त्याला सारखंच. जंतू? विषाणू? कीटकनाशक? तिथे बिचारं ठार आंधळं. चांगल्या पाण्याच्या बादलीत गटाराचे चार थेंब टाकले तरी आकडा जागचा हलणार नाही. सर्व्हर पिंगला उत्तर देतोय म्हणजे कोडमध्ये बग नाही, असं कोणी आपल्याला सांगितलं तर आपण त्याला मीटिंगमधून हाकलून देऊ. इथे मात्र त्याच पिंगवर आपण पोरांना पाणी पाजतोय.

भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती, काय म्हणते बघा. काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल. टीडीएस ५०० पर्यंत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच ठरवलेली नाही. म्हणजे आमचं ७८० चं पाणी मचूळ आहे, चहा बिघडवतं, पण विष नाही. त्याच मानकात ई. कोलायसाठी काय सूट आहे? काही नाही. १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. 'दुसरा स्रोत नसेल तर चालेल' ही भानगड तिथे नाही.

जानेवारी २०२५ आठवतोय का? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. जीबीएस हा शब्द तोवर आपल्यापैकी कितीजणांनी ऐकला होता? हातापायातली ताकद गेलेले, व्हेंटिलेटरवर ठेवलेले रुग्ण, आणि एकूण आकडा दोनशेच्या आसपास गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींच्या नोरोव्हायरस, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. यातलं काहीही टीडीएस मीटरवर दिसलं नसतं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं माहितीये? "आपला टीडीएस तर नॉर्मल आहे, काळजी नसावी." खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझा.

हो, मीही त्यातलाच. आणखी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी कमिटीत असताना सहा लाखांच्या सॉफ्टनरला मी हात वर केला होता. सॉफ्टनर काय करतो, तर त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. काठिण्य जातं, टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी चार जणांनी मीटर बुडवलं, आकडा तोच! "कमिटीने पैसे खाल्ले." खाल्ले नव्हते हो, पण वाया नक्कीच घालवले. कारण त्याच मीटिंगमध्ये पाण्याची जंतू तपासणी दर तीन महिन्यांनी करावी असा एक मुद्दा होता. खर्च काही हजार. "पुढच्या वेळी बघू" म्हणून तो राहिला. मीच म्हणालो होतो.

तुम्ही म्हणाल, घरात आरओ आहे की! आहे ना. एक लिटर प्यायला देतो आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. म्हणजे विकतचा टँकर आणून गटाराला पाजायचा. तेही एकवेळ सोडा. दात कशाने घासता? कोथिंबीर कशात धुता? फिल्टर शेवटचा कधी बदललाय?

आणि मुख्य म्हणजे, सोसायटीत सगळ्यांच्या घरी आरओ नाही. गेटवरचे सुरक्षारक्षक पार्किंगमधल्या नळाचं पाणी पितात. जिने पुसणाऱ्या मावशी जाताना तिथूनच बाटली भरून नेतात. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीचे काका कावीळ होऊन महिनाभर दिसले नाहीत. कशाने झाली? सिद्ध करता येणार नाही, कारण आपण कधी तपासलंच नाही. ग्रुपवर मेसेज आला तो एवढाच : "एजन्सीला सांगून बदली माणूस मागवा." आरओने आपल्यासाठी प्रश्न सुटला, म्हणून तो कोणाचाच उरला नाही. यालाच वर्कअराउंड म्हणतात. रूट कॉज तसाच प्रॉडक्शनमध्ये पडून आहे.

मग करायचं काय? तीन गोष्टी. एक, प्रत्येक टँकर कुठे भरला हे गेटवरच्या वहीत लिहायचं. सांगणार नसेल तर टँकर आत नाही. दोन, रोज टाकीतल्या पाण्याचा क्लोरीन तपासायचा. साधं किट मिळतं, थेंब टाकून रंग जुळवायचा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसलाच पाहिजे. तीन, दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतून कोलिफॉर्मची तपासणी, आणि निकाल नोटीस बोर्डावर, पार्किंगच्या नळाच्या निकालासकट. सगळं मिळून सॉफ्टनरच्या मिठाच्या खर्चाइतकंही नाही. आणि पाण्याची लाइन हवी म्हणून भांडायचं असेल, तर भांडायला हातात कागद लागतात. "पाणी खराब आहे हो" याला कोणी विचारत नाही.

पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. अजेंड्यावर पहिला विषय आहे 'सॉफ्टनरची क्षमता वाढवणे'. मी दुसरा विषय लेखी दिलाय. काल क्लोरीनचं किटही मागवलं आणि सकाळी पार्किंगच्या नळाखाली धरलं.

रंग आलाच नाही. मीटरवर मात्र ७८० होते. एकदम नॉर्मल.