विश्लेषण : ब्रिटनच्या पोलिसांची वॉकीटॉकी का बदलेना?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवेचे सुमारे तीन लाख कर्मचारी आजही ‘एअरवेव्ह’ नावाच्या जुन्या रेडिओ यंत्रणेवरून बोलतात. ही यंत्रणा २०१९ च्या अखेरपर्यंत बंद होणार होती. आता ती मुदत २०२९ वर गेली आहे. दहा वर्षांच्या या उशिराला तंत्रज्ञान जेवढे जबाबदार आहे, तेवढीच पुरवठादार निवडण्याची पद्धतही.

एअरवेव्ह म्हणजे काय?

बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर खरखरणारा वॉकीटॉकी आपण पाहतो. एअरवेव्ह हे त्याचेच डिजिटल आणि देशव्यापी रूप. ‘टेट्रा’ या युरोपीय मानकावर चालणारी ही यंत्रणा २००० नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. बटण दाबताच अर्ध्या सेकंदाच्या आत गटातील सर्वांना आवाज ऐकू जातो, संभाषण सांकेतिक असते आणि मनोऱ्याची रेंज नसली तरी दोन संच एकमेकांशी थेट बोलू शकतात. जळत्या इमारतीच्या तळघरात उतरलेल्या जवानासाठी ही शेवटची सोय जीवनमरणाची असते. टेट्राची अडचण एकच, त्यावरून व्हिडीओ किंवा मोठा डेटा जात नाही.

मग नवे काय आणायचे ठरले?

स्वतंत्र रेडिओ यंत्रणा सांभाळण्याऐवजी मोबाइल कंपनीचे फोरजी जाळेच वापरायचे आणि आपत्कालीन सेवांच्या संभाषणाला त्यावर अग्रक्रम द्यायचा, असा ब्रिटनच्या गृह खात्याचा बेत होता. कागदावर तो स्वस्तही होता आणि आधुनिकही. ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ म्हणजेच ईएसएनची मुख्य कंत्राटे डिसेंबर २०१५ मध्ये दिली गेली. जाळे ‘ईई’ या मोबाइल कंपनीचे, तर बटण दाबून बोलण्याची प्रणाली मोटोरोलाची.

पहिली मेख इथेच होती. फोरजीवर बटण दाबून गटाशी बोलण्याचे आंतरराष्ट्रीय मानक पूर्ण झाले ते मार्च २०१६ मध्ये, म्हणजे कंत्राटानंतर. जे अजून लिहून झालेले नव्हते, तेच खरेदी केले गेले होते. मोबाइलचे जाळे माणसे राहतात तिथे दाट असते, पोलिसांना मात्र ओसाड डोंगरात, बोगद्यात आणि हेलिकॉप्टरमध्येही बोलावे लागते. त्यासाठी दुर्गम भागांत शेकडो नवे मनोरे उभारणे ओघाने आले. शिवाय मनोऱ्याविना दोन संचांनी थेट बोलण्याची टेट्राची सोय फोरजीत तितकी सहज मिळत नाही.

स्पर्धक कुठे गेले?

निविदेच्या सुरुवातीला अनेक कंपन्या होत्या, पण एकेक करून त्या बाहेर पडल्या. अखेरच्या टप्प्यात दोन्ही मोठ्या कंत्राटांसाठी प्रत्येकी एकच स्पर्धक उरला. अशा वेळी खरेदीदाराच्या हाती घासाघीस करण्यासारखे फारसे काही राहत नाही. एवढ्या मोठ्या आणि जोखमीच्या कामासाठी जगात मुळातच मोजके पुरवठादार आहेत, हेही खरे.

त्याहून गंभीर गोष्ट फेब्रुवारी २०१६ मध्ये घडली. मोटोरोलाने एअरवेव्ह ही कंपनीच सुमारे ८२ कोटी पौंडांना विकत घेतली. जुनी यंत्रणा जितकी लांबेल तितके मोटोरोलाला उत्पन्न, आणि ती बंद करणारी नवी प्रणाली वेळेवर देण्याची जबाबदारीही मोटोरोलाचीच! कंपनीने मुद्दाम उशीर केला असे म्हणण्याची गरज नाही. घाई करण्याचे आर्थिक कारण उरले नाही, एवढे पुरेसे आहे. नव्या कंत्राटाची शाई वाळते न वाळते तोच हा व्यवहार होत असताना सरकारने तो कठोर अटींशिवाय होऊ दिला, ही या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक.

नियामकाने काय केले?

ब्रिटनच्या ‘कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी’ने २०२१ मध्ये चौकशी सुरू केली. एप्रिल २०२३ च्या अंतिम निर्णयात २०२० ते २०२६ या काळात एअरवेव्हमधून होणारा अवाजवी नफा सुमारे १२७ कोटी पौंडांचा असल्याचा अंदाज मांडण्यात आला. त्यावर दरमर्यादा घालण्यात आली, तिच्यामुळे वर्षाला सुमारे २० कोटी पौंड वाचतील असे नियामकाचे म्हणणे. मोटोरोलाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. कंपनी लवादाकडे गेली, तिथे डिसेंबर २०२३ मध्ये हरली. हा पैसा अखेर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांच्याच अंदाजपत्रकातून जात होता.

आता पुढे काय?

मोटोरोला ईएसएनच्या कंत्राटातून डिसेंबर २०२२ मध्ये बाहेर पडली. पुन्हा निविदा निघाली आणि तिच्या जागी आयबीएमची निवड झाली. ईईची मालक असलेल्या बीटीसोबतही नवा करार झाला. प्रत्येक करार शंभर कोटी पौंडांहून मोठा. तोवर ईएसएनवर सुमारे २०० कोटी पौंड खर्च झाले होते आणि जुनी यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च त्याहून वेगळा होता. २०२९ पर्यंत हे तीन लाख कर्मचारी एअरवेव्हवरच बोलणार आहेत, आणि तिची मालकी अजूनही मोटोरोलाकडेच आहे.