औषधचाचणी, संमतीपत्र आणि आपली सही

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी वा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मोठ्या रुग्णालयात उपचारासाठी गेलेल्या रुग्णापुढे कधीकधी अनेक पानांचे एक संमतीपत्र ठेवले जाते. ‘एका औषधाचा अभ्यास चालू आहे, आपण त्यात सहभागी व्हाल का?’ असे विचारले जाते. वसई, विरार, पालघर परिसरातून परळच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांवर हा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी दोन प्रतिक्रिया सर्रास दिसतात. कोणी घाबरून म्हणतात, ‘आमच्यावर प्रयोग करणार!’ आणि पाठ फिरवतात. तर कोणी ‘डॉक्टर सांगतात ते भल्यासाठीच’ असे म्हणून न वाचताच सही करतात. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया अज्ञानातून जन्मतात. म्हणूनच या विषयाची साध्या शब्दांत ओळख करून घेणे आणि त्याकडे ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चाचणी म्हणजे काय?

उपचार आणि संशोधन यांत एक मूलभूत फरक आहे. उपचाराचा हेतू समोरच्या रुग्णाचे भले करणे हा असतो. संशोधनाचा हेतू ज्ञान मिळवणे हा असतो आणि त्या ज्ञानाचा लाभ बहुधा पुढच्या रुग्णांना होतो. सहभागी रुग्णाला गुण येईलही, परंतु तशी हमी कोणी देऊ शकत नाही. तशी हमी असती तर चाचणीची गरजच उरली नसती.

नवे औषध प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासल्यानंतर माणसांवर त्याची चाचणी टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांना औषध देऊन ते कितपत सुरक्षित आहे हे पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात त्या विशिष्ट आजाराच्या रुग्णांना ते कितपत लागू पडते हे तपासले जाते. तिसऱ्या टप्प्यात शेकडो वा हजारो रुग्णांमध्ये त्याची तुलना प्रचलित उपचाराशी केली जाते. औषध बाजारात आल्यानंतरही त्याच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवले जाते, तो चौथा टप्पा होय.

तिसऱ्या टप्प्यातील एक गोष्ट सामान्य माणसाला खटकते. कोणाला नवे औषध द्यायचे आणि कोणाला जुने, हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे संगणक ठरवतो. काही वेळा एका गटाला औषधासारखी दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळीही दिली जाते. हा रुग्णाच्या आयुष्याशी खेळ नव्हे काय? वास्तविक निवड डॉक्टरांवर सोपवली, तर तरुण व सशक्त रुग्ण नकळत एका गटात जातील, मग ते बरे झाले ते औषधाने की मूळच्या प्रकृतीने, हे कधीच कळणार नाही. मात्र अशी चिठ्ठी टाकणे एकाच अटीवर नीतीला धरून आहे: कोणता उपचार सरस आहे, हे जाणकारांनाही प्रामाणिकपणे ठाऊक नसले पाहिजे.

विद्यापीठाच्या रुग्णालयात आणखी एक प्रकार आढळतो. एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करावा लागतो, त्यासाठी ते रुग्णांची माहिती वा रक्ताचे नमुने मागतात. औषध कंपनीने पैसा पुरवलेली चाचणी आणि विद्यार्थ्याचा प्रबंध या वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु रुग्णाची संमती दोन्हीकडे आवश्यक आहे.

महासाथीने शिकवलेला धडा

चाचणीविना वैद्यकशास्त्र किती आंधळे असते, हे आपण २०२० आणि २०२१ साली अनुभवले. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी हाती घेतली. त्या देशातील पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालये तीत सामील झाली. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा जगभर गाजावाजा झाला होता, त्या औषधाने रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू कमी होत नाहीत, असे जून २०२० मध्ये स्पष्ट झाले. त्याच महिन्यात डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त औषधाचा निष्कर्ष आला. ते २,१०४ रुग्णांना देण्यात आले आणि त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्या ४,३२१ रुग्णांशी करण्यात आली. व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू लागणाऱ्यांमध्ये ते २६.२ वरून २३.३ टक्के झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. म्हणजे तेच औषध एकाला तारक आणि दुसऱ्याला निरुपयोगी, हे चाचणीवाचून कोणाला समजले असते?

आता आपल्याकडील प्लाझ्माची गोष्ट पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी घेतली. या उपचाराने मृत्यू वा आजाराची तीव्रता कमी होत नाही, असा तिचा निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तरीही २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेत प्लाझ्मासाठी नातेवाइकांची वणवण चालूच होती. अखेर मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून वगळण्यात आला. हाती असलेले ज्ञान लोकांपर्यंत न पोहोचल्याने किती धावपळ, किती पैसा आणि किती आशा वाया गेली!

चाचण्या केवळ कंपन्यांच्या नफ्यासाठी असतात, हा समजही पूर्ण खरा नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र हे होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. त्याच्या पुढाकाराने २०११ पासून देशातील ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शन दिले, तर काय होते, एवढाच प्रश्न होता. २०२२ साली निष्कर्ष जाहीर झाला. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते. शंभर रुपयांहून कमी खर्चाच्या या उपायात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नाही. त्या स्त्रियांनी स्वतःला ठाऊक नसलेल्या भगिनींसाठी ही देणगी ठेवली आहे, असेच आम्ही म्हणू.

इतिहासातील जखमा

तथापि, लोकांच्या मनातील भीती निराधार आहे असे म्हणणे असत्य ठरेल. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष प्रयोग केले. डाखाऊ येथे हिवतापाच्या प्रयोगांसाठी ज्यांच्या शरीराचा वापर झाला, त्यांत पोलंडचे अनेक कॅथॉलिक धर्मगुरूही होते. या डॉक्टरांवरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेम्बर्ग संहिता आकाराला आली आणि सहभागी व्यक्तीची ऐच्छिक संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिलेच तत्त्व ठरले. परंतु लोकशाही राष्ट्रेही निष्कलंक राहिली नाहीत. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंशाने आजारी असलेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीयांना आजाराचे खरे स्वरूप न सांगता केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय उपलब्ध झाल्यावरही त्यांना तो देण्यात आला नाही.

आपल्या देशातही २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या वीस हजारांहून अधिक मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. एप्रिल २०१० मध्ये हा प्रकल्प थांबवण्यात आला. सात मुलींच्या मृत्यूंचा संबंध लसीशी जोडता येत नाही, असे चौकशीत दिसून आले आणि ही लस उपयुक्त आहे, हेही आज मान्य झाले आहे. परंतु अनेक ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, हेही त्या चौकशीतूनच उघड झाले. २०१३ साली संसदीय समितीने या प्रकरणी कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असली, तरी मुलीच्या आईवडिलांना न विचारता ती टोचण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

कायद्याने दिलेले संरक्षण

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या आदेशांनंतर नियम कडक होत गेले आणि मार्च २०१९ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांची नियमावली लागू झाली. चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात सदस्य हवेत, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरील हवा आणि निम्मे सदस्यही बाहेरचे हवेत. समितीत स्त्री सदस्य आणि सामान्य नागरिक असलाच पाहिजे. समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी वा तत्त्वज्ञ यांच्याप्रमाणेच धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही तीत स्थान मिळू शकते. आपल्या विचारवंत धर्मगुरूंनी व प्रापंचिकांनी याची नोंद घ्यावी.

रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्याच्या हाती देणे बंधनकारक आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि नुकसानभरपाईचा हक्क आहे. कोणत्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. शिवाय २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सार्वजनिक राष्ट्रीय नोंदवहीत करणे सक्तीचे आहे, ती कोणीही पाहू शकतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

पोप पायस बारावे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधकांपुढे केलेल्या भाषणात संशोधनाचे स्वागत केले आणि त्याच्या मर्यादाही आखून दिल्या. विज्ञानाचे हित, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, परंतु त्यांपैकी एकही निरंकुश नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही हेच शिकवतो. संशोधन रुग्णांच्या आणि समाजाच्या आरोग्याला हातभार लावू शकते. मात्र त्यासाठी जाणीवपूर्वक दिलेली संमती हवी आणि टाळता येण्याजोगा वा अवाजवी धोका नसावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुळात मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध असलेले कृत्य केवळ संमती मिळाली म्हणून योग्य ठरत नाही.

हा शेवटचा मुद्दा आजच्या परिस्थितीत फार मोलाचा आहे. कायदा सही तपासतो, परंतु ती कोणत्या विवशतेतून आली हे तपासणे त्याला कठीण जाते. ज्याला महागडे औषध विकत घेणे शक्य नाही आणि ज्याला ते केवळ चाचणीतच मोफत मिळणार आहे, त्याची संमती खरोखर मुक्त असते काय? ज्या डॉक्टरांच्या हाती आपला जीव आहे, तेच संशोधक म्हणून विचारू लागले तर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य किती जणांना होईल? यावर गरिबांना चाचण्यांतून वगळणे हा उपाय नव्हे, कारण तसे केल्यास त्यांच्या आजारांवर संशोधनच होणार नाही. चाचणीतून सिद्ध झालेले औषध पुढे त्या गरिबांच्या आवाक्यात यावे, हा आग्रह धरणे हा खरा न्याय होय. जागतिक वैद्यकीय संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्रात सुधारणा करताना, ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना ‘सहभागी’ म्हणावे, असे ठरवले. हा शब्दबदल आम्हांस स्वागतार्ह वाटतो, मात्र त्या शब्दाप्रमाणे वागणूकही मिळाली पाहिजे.

आपण काय करावे?

सही करण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. हा उपचार आहे की संशोधन? मी सहभागी झालो नाही, तर मला कोणता उपचार मिळेल? संभाव्य धोके कोणते? खर्च कोण करणार आणि इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? नीतिसमितीची परवानगी आहे काय आणि तिच्याशी संपर्क कसा साधावा? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील काय? कागद घरी नेऊन विचार करण्यास वेळ मागावा. तातडीचा प्रसंग नसताना वेळ नाकारला गेला, तर तेच सावध होण्यास पुरेसे कारण आहे.

येथे धर्मग्रामाचेही कर्तव्य आहे. आपल्यात डॉक्टर, परिचारिका, वकील, शिक्षक आहेत. रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनी आहेत. एखाद्या वृद्ध मावशीला वा शेतमजुराला ते कागद समजावून देण्यासाठी लघु ख्रिस्ती समूहातील दोघांनी तासभर दिला, तर कायद्याला न जमणारे काम होईल. रुग्णाच्या वतीने निर्णय घेऊ नये, त्याला तो स्वतः घेता यावा यासाठी त्याच्या सोबत बसावे.

दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि त्याच्या खर्चाची तजवीज केली. पूर्ण माहिती घेऊन, मोकळ्या मनाने चाचणीत सहभागी होणारा रुग्णही अशीच वाट चालतो, ज्याच्यासाठी तो हे करतो तो वाटसरू त्याला कदाचित कधीच भेटणार नाही. असा सहभाग हे परोपकाराचे कृत्य आहे. परंतु परोपकार कोणाकडून लादून घेता येत नाही, तो स्वखुशीनेच व्हावा लागतो. म्हणून ‘हो’ म्हणणाऱ्याचा सन्मान व्हावा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचाही. दोघांच्याही प्रतिष्ठेचे रक्षण करणारी रुग्णालये आणि दोघांच्याही पाठीशी उभे राहणारे धर्मग्राम आपल्याला लाभोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.