टोळीच्या यादीत मुलांचा रकाना हवा

दिवाळी उरकली. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडली. जुन्नर-आंबेगावात पाथर्डी, आष्टीकडच्या टोळ्या उतरल्या आणि कुकडी-घोडच्या पाण्यावर वाढलेल्या उसाला कोयता लागला. टोळ्यांबरोबर मुलंही आली. गावाकडच्या पटावर ती तिसरीत, पाचवीत, सातवीत आहेत. इथं ती कुठल्याच वर्गात नाहीत.

अर्धं वर्ष परमुलखात काढणारा विद्यार्थी जगाला नवा नाही. युरोपात 1987 पासून इरॅस्मस योजना चालते. विद्यार्थी घर सोडण्याआधी एक शैक्षणिक करार होतो. त्यावर तिघांच्या सह्या असतात: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची आणि घेणाऱ्या संस्थेची. तिकडे काय शिकायचं आणि परतल्यावर ते कसं धरलं जाणार, हे आधीच ठरतं. पुण्यानं असा व्यवहार जवळून पाहिला आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी अनेक वर्षं ऐन पावसाळ्यात पुण्यात यायचे, मराठी घरांत राहायचे, मराठी शिकायचे आणि डिसेंबरात परतायचे. ते सत्र त्यांच्या पदवीत मोजलं जायचं. पद्धत चांगलीच आहे. तिचा हेवा करण्याचं कारण नाही, ती उचलण्याचं आहे.

आता ऊसतोडीचे व्यवहार बघा. सह्या इथंही तीन ठिकाणी होतात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की जोडी बांधली गेली. कागदावर असो वा तोंडी, हे सारं हंगामाआधीच होतं. कोणती जोडी कोणत्या कारखान्याला जाणार, हे ट्रकमध्ये बिऱ्हाड चढण्याच्या कितीतरी आधी मुकादमाच्या वहीत असतं. नाव, गाव, उचलीची रक्कम, सगळं. मुलांसाठी मात्र त्या वहीत जागा नाही.

पुढं हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या शेती विभागाला टोळीचा पत्ता रोजच्या रोज ठाऊक असतो. कोणत्या शिवारात, कोणाच्या फडात, किती गाड्या. त्याशिवाय तोडणीचा प्रोग्राम चालणारच नाही. त्याच शिवारातल्या जिल्हा परिषद शाळेला मात्र मुलं आल्याची खबर नसते.

मग दिवस कसा जातो? आईबाप अंधारातच फडात. कोपीवर दहा-अकरा वर्षांची थोरली. तिच्या कडेवर धाकटा, समोर पाण्याचा हंडा आणि चूल. दुपारी वाढ्यांच्या पेंढ्या बांधायला तीही फडात. कार्तिकात दिवस लवकर मावळतो आणि हा मुलूख बिबट्याचा आहे. ऊस तुटत जातो तसा बिबट्या उरलेल्या उसाकडे सरकतो. कोप्या त्याच उसाच्या कडेला. इथले गावकरी आपली पोरं तिन्हीसांजेनंतर अंगणात सोडत नाहीत. कोपीला अंगणही नाही आणि धड दारही नाही. आईबाप फडात असताना या मुलांना चार भिंतींची, दार लागणारी जागा जवळपास कुठं असेल, तर ती शाळाच आहे.

कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नं स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शिक्षण हमी कार्डही आहे. गावाकडच्या मुख्याध्यापकांनी ते द्यायचं, इथल्यांनी त्यावर मुलाला वर्गात बसवायचं. पण हे कार्ड नेऊन दाखवायचं कोणी? पहाटे फडात गेलेल्या आईनं अनोळखी गावात शाळा शोधायची, गुरुजींना गाठायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, असा याचा अर्थ होतो. शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमा निघतात, शिक्षक कोप्या धुंडाळतात. पण टोळ्या आल्यावर शोधायला निघायचं, म्हणजे अर्धा हंगाम शोधण्यातच जायचा. आणि शोधायचं तरी काय? मुकादमाला माहीत आहे, शेती विभागाला माहीत आहे.

म्हणून मागणी एवढीच. टोळीच्या यादीत मुलांचा रकाना करा. नाव, इयत्ता, गावाकडची शाळा. टोळी निघण्याआधी ही यादी कारखान्यानं जुन्नर आणि घोडेगावच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. टोळीचं शिवार बदललं की तोडणीच्या प्रोग्रामबरोबर नव्या शाळेला कळवावं. कारखान्यानं शाळा चालवावी असं कोणी म्हणत नाही. जी माहिती उसासाठी ठेवली जाते, तिच्यात चार ओळींची भर घालायची आहे.

चार-पाच महिन्यांसाठी आलेल्या पोरांना काय शिकवणार, असं काही शिक्षक विचारतात. पुण्यात येणारे ते परदेशी विद्यार्थीही तेवढ्याच मुदतीसाठी यायचे. त्यांचं शिक्षण झालं, कारण ते येणार हे आधी माहीत होतं आणि इथं शिकलेलं तिकडे धरलं जाणार होतं. पाथर्डीच्या पाचवीतल्या मुलीची इथली हजेरी आणि इथलं मूल्यमापन तिच्या गावच्या शाळेनं तसंच धरायला हवं.

यंदाच्या टोळ्या आल्या आहेत. त्यांच्या मुलांची यादी शेती विभागाला आठवड्याभरात करता येईल. पुढच्या हंगामाच्या उचली पावसाळ्यात वाटल्या जातील. रकाना त्याआधी छापून तयार असला पाहिजे.